शेवंता आणि रुक्मिण: नुसत्या मैत्रिणी, की आणखी काही?

मांजराकाठची

मागच्या रविवारी अंबाजोगाईच्या आमच्या वाचनगटात मी माझी एक कथा वाचली. त्यावरून जो वाद झाला तो अजून डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा. आधी कथा थोडक्यात सांगते.

२०१५-१६ चा हंगाम. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते वर्ष. केज तालुक्यातली एक टोळी दिवाळीनंतर सांगलीकडच्या कारखान्याला ऊस तोडायला निघते. रुक्मिणचा नवरा उचल, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ मिळणारे पैसे, घेऊन परागंदा झालाय, आणि ती फेडायची जबाबदारी आता तिच्या अंगावर आहे. शेवंता विधवा. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता आणि एकटं माणूस म्हणजे अर्धा, हे इथल्या बहुतेकांना ठाऊक आहेच. मुकादमाला कारखान्याला दिलेला शब्द पाळायचाय, कोयते कमी पडतायत. तो वहीत या दोघींची नावं एका ओळीत लिहितो आणि एक कोयता लावतो. पुढचा सगळा हंगाम दोघी एकाच कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, राहतात, एकाच फडात राबतात.

कथेत ‘प्रेम’ हा शब्द एकदाही येत नाही. एक प्रसंग आहे. रात्री ट्रक भरताना रुक्मिणच्या डोक्याला मोळीचा रट्टा बसतोय. शेवंता आपल्या लग्नातल्या लुगड्याची पट्टी टरकन फाडते, तिची चुंबळ वळते आणि रुक्मिणच्या डोक्यावर नीट बसवते. मग तिच्या मानेवर रुतलेली उसाची कूस बोटानं काढते. कूस निघते, पण बोट लगेच निघत नाही. रुक्मिणही मान काढून घेत नाही. मुकादम ओरडतो तेव्हाच ती वाकून मोळी उचलते.

वाचून झाल्यावर गटातल्या अर्ध्या लोकांना हे बहिणीबहिणींसारखं वाटलं. दोघांना लगेच कळलं, पण ते गप्प बसले. आणि एकानं विचारलं, “त्या दोघींत तसलं काही आहे असं तुम्हाला म्हणायचं असेल, तर पुरावा कुठाय?” त्याआधी हीच कथा एका दिवाळी अंकाच्या संपादकांकडून परत आली होती. नातं स्पष्ट करा, नाहीतर तो प्रसंग काढा, असा त्यांचा निरोप होता.

माझं म्हणणं एवढंच आहे. आपल्या ग्रामीण कथेत पोरगा विहिरीवर येतो, पोरगी पाणी शेंदत असते, तो नुसता पोहऱ्याला हात लावतो. दोघं एक अक्षर बोलत नाहीत. तिथं कुणी पुरावा मागतं का? वाचक पुढच्या पानावर त्यांचं लग्न लावूनही मोकळा होतो. मग दोन बाया किंवा दोन पुरुष असले की वाचकाचं माप एकदम का बदलतं? जेवढ्यावर विहिरीवरची गोष्ट कळते तेवढ्यावरच फडातली कळायला हवी. तुम्हाला काय वाटतं? तुमच्या वाचनात असं न बोललेलं नातं कुठं आलंय का?

लातूरकर_वाचक

वाचूलालो. चुंबळीचा प्रसंग लई जमलाय. मला तर पहिल्या झटक्यात कळलं, संपादकांना काय अडचण आली ते समजंना.

पडद्यामागे

ताई, पुराव्याचा मुद्दा पटला. नाटकाच्या बाजूनं थोडी भर घालतो.

मराठी रंगभूमीवर हा विषय नवा नाही. तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ १९८१ साली आलं, रोहिणी हट्टंगडींनी सुमित्रा ऊर्फ मित्रा उभी केली होती. त्यात काही लपलेलं नाही. कॉलेजच्या नाटकात मित्रा पुरुषाची भूमिका करते आणि समोरच्या नमावर तिचा जीव जडतो. पण आम्ही परभणीच्या पोरांनी त्याचं वाचन केलं तेव्हा मला वेगळीच गोष्ट खुपली. मित्राची सगळी गोष्ट बापू सांगतो. तो चांगला माणूस आहे, मित्राला आपली खोलीसुद्धा वापरू देतो, पण प्रेक्षक कायम त्याच्या खांद्यावरून बघतो. मित्रा एकटी असताना कशी असते ते आपल्याला कधी कळत नाही, आणि शेवटी ती आत्महत्या करते. उघड बोललं म्हणजे पात्राला न्याय मिळालाच असं नसतं. तुमच्या शेवंताकडं निदान तिचं स्वतःचं बोट आहे.

दुसरं उदाहरण लांबचं आहे. हॉलिवूडमध्ये १९३४ पासून १९६८ पर्यंत हेज कोड नावाची आचारसंहिता होती. समलिंगी नातं पडद्यावर दाखवायचंच नाही, असा तिचा दंडक. मग लेखक-दिग्दर्शक वस्तूंच्या आडून बोलायला शिकले. हिचकॉकच्या ‘रिबेका’मध्ये (१९४०) मिसेस डॅनव्हर्स ही वाड्याची कारभारीण मेलेल्या मालकिणीची खोली नव्या सुनेला दाखवते. मालकिणीचा फरचा कोट गालाला लावते, झिरझिरीत गाऊनमधून आपला हात कसा दिसतो ते दाखवते. संवाद सगळे कपड्यांबद्दल आहेत. सेन्सॉरनं काय कापायचं?

म्हणजे न बोलण्यामागं तिथं सक्ती होती. तुमच्यावर कसली सक्ती आहे? समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ च्या विरोधात सुप्रीम कोर्टानं ६ सप्टेंबर २०१८ ला निकाल दिला, आज तुम्हाला कुणी तुरुंगात टाकणार नाही. मग कथा गप्प का आहे? मी टोचून विचारत नाही. लेखकाला याचं उत्तर माहीत असायला हवं, म्हणून विचारतोय.

देवगिरी६३

कथा आवडली, आणि तरीही मी असहमत आहे.

मी चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं. आमच्या पिढीनं ‘दोस्ती’ (१९६४) बघितला. पायानं अधू रामू आणि आंधळा मोहन. मोहन आपल्या मित्रासाठी ‘चाहूंगा मैं तुझे’ गातो आणि सगळं थेटर रडतं. ते गाणं आम्ही मित्राच्या गळ्यात हात टाकून म्हटलंय. आता तुम्ही म्हणाल, त्यातही ते आहे. मग आमच्याकडं उरलं काय?

यापेक्षा मोठी काळजी वेगळी आहे. खेड्यातल्या पोरी-बायांना एकमेकींजवळ बसायची, एका गोधडीत झोपायची, केस विंचरायची मोकळीक आहे, कारण कुणाच्या मनात काही येत नाही. साहित्य जर लोकांना प्रत्येक जवळिकीकडं त्या नजरेनं बघायला शिकवू लागलं, तर ती मोकळीकही जाईल. माझा विरोध प्रेमाला नाही, संशयाला आहे.

नीरा_नांदेड

देवगिरी सर, तुमची काळजी खरी आहे. ती मी अंगावर घेतलेली आहे. आमच्या वसतिगृहात दोन मैत्रिणींना वेगवेगळ्या मजल्यांवर टाकलं, घरी फोन गेले. त्यातल्या एकीचं शिक्षण तिथंच सुटलं. पण सर, तिथं कुणीही साहित्य वाचलेलं नव्हतं. संशय आधीपासून होता आणि तो फार घाण भाषेत होता. त्या दोघींना स्वतःबद्दल जे ऐकायला मिळालं ते सगळं त्याच भाषेतलं. चुंबळीसारखी एखादी गोष्ट त्यांनी आधी वाचली असती, तर आपल्याबद्दल विचार करायला त्यांच्याकडं दुसरं काहीतरी असतं. मला साहित्याकडून एवढंच पाहिजे.

आमच्या वयाच्या पोरी हे कुठं शोधतात ते सांगते. ‘द अनटेम्ड’ ही चिनी मालिका (२०१९) मी रात्री पांघरुणात फोनवर बघितलीय, सबटायटल वाचत. मूळ कादंबरीत वेई वूश्यान आणि लान वांगजी हे दोन पुरुष उघड उघड एकमेकांचे जोडीदार होतात. चीनमध्ये पडद्यावर ते चालत नाही, म्हणून मालिकेत जिवाभावाची मैत्री दाखवली. पण लान घराण्याची कपाळावर बांधायची एक पट्टी असते, आणि घरच्या अगदी जवळच्या माणसांशिवाय आणि जोडीदाराशिवाय तिला कुणी हात लावायचा नसतो. एका गुहेत लान वांगजी तीच पट्टी सोडतो आणि दोघांच्या मनगटांना बांधतो. वरवर कारण असं की तिथल्या जादूपासून वूश्यानला वाचवायचंय. ज्याला नियम माहीत आहे त्याला मात्र सगळं कळतं. चुंबळ वाचल्यावर मला तीच पट्टी आठवली. लग्नातल्या लुगड्याची चुंबळ आहे, ताई. साध्या फडक्याची असती तर मीही बहिणी म्हटलं असतं.

एक राग मात्र आहे. काही मालिका मुद्दाम असं गाजर दाखवतात. दोन पोरांना जवळ आणायचं, चाहत्यांना जोड्या लावू द्यायच्या, जाहिरातीत त्यावरच भर द्यायचा, आणि शेवटी दोघांचीही लग्नं पोरींशी लावून मोकळं व्हायचं. बंदीमुळं झाकून सांगणं वेगळं आणि गिऱ्हाईक खेचायला झुलवणं वेगळं. दुसऱ्यात आमचा वापर होतो.

हिमरू

देवगिरी सरांच्या बोलण्यात ‘शिकवणं’ आलं म्हणून लिहितो. ही नजर बाहेरून येतेय असं वाटत असेल तर आमच्या औरंगाबादचंच (आताचं छत्रपती संभाजीनगर) उदाहरण घ्या. सिराज औरंगाबादी अठराव्या शतकातले. त्यांची ‘खबर-ए-तहय्युर-ए-इश्क’ ही गझल कव्वालांनी घरोघर पोचवली. पण त्यांची ‘बोस्तान-ए-खयाल’ नावाची मसनवी, म्हणजे दीर्घ कथाकाव्यही आहे. तीत ते आपल्या प्रेमाची आणि विरहाची कहाणी सांगतात, आणि ज्याच्यावर जीव जडला तो एक हिंदू तरुण आहे. हे कुणी ओळींमधून शोधून काढलेलं नाही, कवीनंच लिहून ठेवलंय. त्यांची कबर याच शहरात आहे.

माझे वडील ही गझल म्हणताना फक्त ईश्वरी प्रेमाचा अर्थ सांगायचे. तो अर्थही खराच आहे, सूफी काव्यात दोन्ही एकत्र नांदतात. पण मसनवी वाचल्यावर माझ्या लक्षात आलं की एक अर्थ मोठ्यानं सांगितला जात होता आणि दुसरा सांगायचाच राहत होता.

मांजराकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. हिमरूदादा, बोस्तान-ए-खयालबद्दल मला काहीच माहीत नव्हतं. वेगळा धागा काढाच.

देवगिरी सर, तुमच्यापासून सुरुवात करते. ‘दोस्ती’ मला दोस्तीच वाटते. मी सगळीकडं एकच गोष्ट शोधत बसत नाही. रामू आणि मोहनला एकमेकांचा आधार पाहिजे, घर पाहिजे, हे जग एकट्यानं पार होत नाही म्हणून सोबत पाहिजे. गाण्याचे शब्द प्रियकराचे शोभतील असे आहेत, तरी सिनेमाची भूक दुसरीच आहे. एकाची नजर दुसऱ्याच्या अंगावर कुठं रेंगाळत नाही. तिसरं कुणी जवळ आलं म्हणून आत काही तुटत नाही, आणि तुटलं तरी ते पोरकं व्हायच्या भीतीनं. शेवंताचं तसं नाही. तिला रुक्मिणची मान दिसते. रुक्मिण दुसऱ्या टोळीतल्या बाईबरोबर पाण्याला गेली की हिची मोळी सैल बांधली जाते, वाढ्याची गाठ सुटते. कथेत ते दोनदा आलंय. एकाच प्रसंगावर कुणी बोट ठेवलं तर मीही म्हणेन की जरा थांबा. पण खुणा एकमेकींना धरून येऊ लागल्या की त्यांना योगायोग म्हणणं हाच ओढूनताणून केलेला अर्थ होतो. आणि असं नीट वाचायला शिकलेला माणूस प्रत्येक जवळिकीवर संशय घेणार नाही. फरक करता यावा म्हणून तर वाचायचं.

पडद्यामागे, कथा गप्प का आहे हे तुम्ही विचारलंत. माझं उत्तर असं की शेवंताकडं त्यासाठी बोली नाही. २०१६ सालची केजची तोडकरी बाई स्वतःशी काय म्हणेल? शहरातले शब्द तिच्या तोंडी घातले तर ती माझी बाहुली होईल. ‘साबर बोंडं’ बघताना मला हे फार जाणवलं. रोहन कानवडेंचा मराठी सिनेमा, २०२५ साली अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात त्याला परदेशी कथापटांतला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. बाप गेल्यावर मुंबईहून गावी आलेला आनंद आणि गावातला बाळ्या. दोघं फार थोडं बोलतात. पण तिथलं गप्प राहणं भित्रं वाटत नाही. त्या माणसांचा स्वभावच तसा आहे, आणि दिग्दर्शक कॅमेरा फिरवून घेत नाही.

कोपीतला

मी धारूरचा. आईबाप दोघंही तोडीला जायचे, मी सातवीपर्यंत दरसाल त्यांच्याबरोबर होतो. आता मास्तर आहे. कथेबद्दल दोन गोष्टी सांगायच्यात, एक कामाची आणि एक आतली.

कामाची आधी. ट्रकला फळी लावून डोक्यावर मोळी घेऊन चढायचं असतं, आणि वर मोळ्या रचायला दणकट माणूस लागतो. दोघी बाया चढवतीलही, पण वरचा थर कोण लावणार? टोळीतल्या कुणालातरी ते करावं लागणार, आणि तो फुकट करणार नाही. एकतर त्याच्या वाटच्या मोळ्या यांनी बांधायच्या, नाहीतर हिशेबात तोड सोडायची. हे कथेत आलं तर मुकादमानं दोघींना एक कोयता लावला ही गोष्ट हवेत राहणार नाही. आमच्या भागातला वाचक पहिल्यांदा हेच विचारील.

आता आतली. ताई, तुम्ही म्हणता शेवंताकडं बोली नाही. मान्य. पण कोपीला भिंत नसते. बांबू, चटई, वर प्लास्टिकचा कागद. शेजारचं लेकरू खोकललं तरी आपल्याला जाग येते. कोण उपाशी झोपलं, कोण रडतंय, कुणी कुणाला मारलं, सगळं टोळीला माहीत असतं. शेवंता-रुक्मिणचं माहीत नसणं शक्यच नाही. आमच्या टोळीत असं एक जोडपं होतं, पुरुषांचं. त्यांना कुणी काही म्हणायचं नाही, कारण दोघं कामाला वाघ होते. पण माझ्या आईला सगळं माहीत होतं, आणि तिला माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं. सणाला पोळ्या पाठवायची तर ती एकाच ताटात पाठवायची. दुसरा एकटा गडी होता, त्याला वेगळी वाटी.

तुमच्या कथेत टोळी कुठाय? नुसत्या दोघी आहेत, आणि ओरडणारा मुकादम.

देवगिरी६३

एका ताटात पोळ्या पाठवल्या हे वाचून थांबलो. याला मी संशय म्हणू शकत नाही. मास्तर, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा.

मांजराकाठची ताई, तुमचं ‘दोस्ती’बद्दलचं म्हणणं पटलं. गाण्यापुरतं मात्र मी ते माझ्याच पद्धतीनं ऐकत राहणार.

पडद्यामागे

कोपीतला यांनी माझ्या प्रश्नाचं माझ्यापेक्षा चांगलं टोक काढलं. शेवंतानं गप्प राहणं मला चालेल. सगळ्या टोळीनं काहीच न बघणं चालणार नाही, ते लेखकानं डोळे मिटल्यासारखं होतं. ‘उंबरठा’ सिनेमात (१९८२) महिलाश्रमातल्या दोघींचं नातं उघड होतं तेव्हा आजूबाजूचं सगळं जग त्यावर काहीतरी करतं. तिथं ते भीतीपोटी होतं. तुमच्या टोळीला दुसरं काही करता येईल.

नीरा_नांदेड

मास्तरांच्या मुद्द्याला जोर देते. निदान एक जागा अशी पाहिजे की तिचा दुसरा अर्थ कुणाला लावताच येणार नाही. शब्द नको, पण जागा पाहिजे. वसतिगृहातल्या त्या मैत्रिणीला मी ही कथा दिली आणि तिच्या घरचे म्हणाले, “अगं, बहिणी आहेत त्या,” तर तिनं कोणत्या ओळीवर बोट ठेवायचं? चुंबळीवर ठेवलं तर घरचे मानायचे नाहीत.

मांजराकाठची

नीरा, हा प्रश्न मी वहीत पहिल्या पानावर लिहून घेतलाय.

दोन दिवस यावर काम केलं. टोळीत एक म्हातारी आधीपासून होती, स्वयंपाकाला आणि लेकरं सांभाळायला आलेली, पण तिला कथेत काही काम नव्हतं. आधी वाटलं, ती या दोघींची कोपी ओळीच्या पार टोकाला लावायला सांगते असं करावं.

कोपीतला

टोकाला नको. एकट्या बायांची कोपी कुणी टोकाला लावत नाही. चोरीची भीती, कुत्र्यांची भीती, आणि परक्या मुलखातल्या पुरुषांची सगळ्यात जास्त. त्यांना ओळीच्या मधोमधच जागा देतात. शिवाय रात्री सोबतीला म्हणून शेजारचं एखादं लेकरू त्यांच्या कोपीत झोपायला पाठवतात. मीच झोपायचो असा एका मावशीकडं.

मांजराकाठची

मास्तर, हे मिळालं ते फार मोलाचं आहे. मग असं करते.

कोपी मधोमधच. म्हातारी पहिल्या दिवसापासून आपल्या सहा वर्षांच्या नातवाला या दोघींकडं झोपायला पाठवते, कारण एकट्या बाया आहेत. पौषातल्या थंडीत एका रात्री ती नेहमीसारखी त्याला घेऊन येते, चटईपाशी थांबते आणि तशीच माघारी फिरते. दुसऱ्या दिवशी पोरगं स्वतःहून पांघरूण काखोटीला मारून निघतं, तर म्हणते, “आजपासून माझ्यापाशी झोपायचं. त्यांना सोबत हाय आता.” सून विचारते, कुणाची? म्हातारी तिला चुलीत काटक्या घालायला सांगते. आणि उचलीच्या हिशेबाच्या दिवशी मुकादम दोघींचा कोयता तोडून दोन अर्धे करायला निघतो, कारण अर्ध्याला दर कमी पडतो. तेव्हा टोळीतून पहिला आवाज तिचाच येतो, “लिवली ती जोडी लिवली.” वर थर लावणारा गडी तिचाच मुलगा, म्हणजे तुमचा कामाचा मुद्दाही त्यातच सुटतो. त्याच्या बदल्यात दोघी रोज त्याच्या वाटच्या मोळ्या बांधतात.

नीरा, तुझ्या मैत्रिणीनं म्हातारीच्या या दोन वाक्यांवर बोट ठेवावं.

संपादकांना कथा परत पाठवणार आहे. चुंबळीचा प्रसंग आहे तसाच राहील, त्यातली एक ओळही हलवणार नाही. म्हातारीचा भाग आज रात्री टाइप करून पुढच्या प्रतिसादात टाकते. देवगिरी सर, तुम्ही तो सगळ्यात आधी वाचावा अशी इच्छा आहे. मास्तर, थंडीत कोपीत चूल आत असते की बाहेर, तेवढं कळवा.

कोपीतला

बाहेर. आत फक्त शेगडी, तीही बाळंतीण असली तर.